पाण्याखालचा पंख आणि घरातली बॅटरी

कोंढव्यातील एका वाचक भगिनीने आम्हाला विचारले आहे की, मुलगा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, मित्रांना घेऊन त्याला पाण्यावर तरंगत उडणारी विजेची फळी घरीच बनवायची आहे, तर करू द्यावी का? आमचे उत्तर 'जरूर करू द्या' असे आहे. पण सोबत काही अटी आहेत, आणि त्या मुलाच्या अब्बांनीही वाचाव्यात.

ही वस्तू आहे तरी काय? उभे राहण्याची एक फळी, तिच्या खाली पाऊण मीटर लांबीचा खांब आणि खांबाच्या टोकाला विमानासारखे दोन पंख, पुढे मोठा आणि मागे लहान. मोटर आणि पंखा खांबालाच, पाण्याखाली. वेग आला की पंख वजन पेलतो, फळी पाण्याच्या वर उठते आणि पाण्यात राहतो तो फक्त खांब आणि पंख. याला हायड्रोफॉइल म्हणतात. कल्पना जुनीच आहे. इटलीच्या एन्रिको फोर्लानिनी यांनी १९०६ मध्ये अशी नाव चालवली होती. टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांच्या 'एचडी-४' या नावेने १९१९ मध्ये कॅनडात ताशी ११४ किलोमीटरचा वेग गाठला होता.

पाणी हवेच्या आठशेपट घन आहे, म्हणून पंख लहान असला तरी चालतो. ८० किलोचा मुलगा आणि ३५ किलोची फळी मिळून ११५ किलो होतात. ताशी १८ किलोमीटर वेगाला एवढे वजन उचलायला साधारण १५०० चौरस सेंटीमीटरचा पंख पुरतो, म्हणजे ए-फोर आकाराचे अडीच कागद. वेग निम्मा झाला की उचल मात्र चौथाईवर येते. त्यामुळे सगळी कसोटी पहिल्या काही मीटरमध्ये असते आणि तिथे एकेक किलो महाग पडतो. तयार फळीला परदेशात हजारो डॉलर मोजावे लागतात, ते याच हलकेपणासाठी आणि पाणी आत न शिरू देण्यासाठी.

मुलांचा सगळा भर थ्रीडी प्रिंटरवर असतो. प्रिंटर उत्तम यंत्र आहे, पण त्याने काढलेला भाग थरांवर थर चिकटवून तयार होतो आणि जोर आला की नेमका त्या थरांच्या सांध्यात फाटतो. नेहमीचे पीएलए प्लास्टिक साधारण ६० अंशांना मऊ पडते. मे महिन्यात बंद गाडीत ठेवलेला भाग वाकडा होऊन बाहेर येईल. म्हणून छापलेला भाग साचा म्हणून, आतला गाभा म्हणून किंवा मोटरचे आवरण म्हणून वापरावा. माणसाचा भार कार्बन किंवा काच-तंतूच्या कापडाने आणि इपॉक्सीने पेलावा. नवशिके इथेच फसतात. फळीचा गाभा थर्माकोलचा असेल आणि गाड्यांचे बंपर दुरुस्त करणाऱ्याकडचे साधे पॉलिएस्टर रेझिन त्यावर ओतले, तर थर्माकोल डोळ्यांदेखत विरघळतो. इपॉक्सीने तसे होत नाही. ते दमट पावसाळी हवेत मात्र नीट वाळत नाही, वर चिकट थर धरते. हे काम दिवाळीनंतर काढलेले बरे. हातमोजे घालावेतच, कारण इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा सुटत नाही. आणि कार्बन घासल्याची धूळ आईच्या स्वयंपाकघरात उडता कामा नये.

हे ज्ञान पुण्याला परके नाही. दिघी येथील संरक्षण संशोधन आस्थापनेने नौदलाच्या जहाजांसाठी पाण्याखालच्या सोनार यंत्राचे तंतू-रेझिनचे आवरण घडवण्यात भाग घेतला. ते गोव्यातील किनेको कंपनीने बांधले आणि २०१६ मध्ये नौदलाच्या हाती सोपवले. गच्चीवर कापड आणि ब्रश घेऊन बसलेला पोरगा लहान प्रमाणात तीच विद्या शिकतो. लेथवर एखादा भाग कातून घ्यायला आणि बोहरी आळीत स्टेनलेसचे बोल्ट शोधायला तो हिंडला, तर कारागिरांशी बोलायलाही शिकेल. ते कॉलेजात शिकवत नाहीत.

आता खरी काळजी. चांगल्या फळीला दोन किलोवॉट-तासांची बॅटरी लागते. २१७०० मापाचे ११२ सेल जोडले तर एवढी शक्ती साठते, आणि नुसत्या सेलचे वजन आठ किलोच्या घरात जाते. यातला एक सेल बिघडून तापला की शेजारचे पेटतात, आणि त्या धुरात श्वास घेणे जिवावर बेतू शकते. म्हणून ही बॅटरी घरात चार्ज करू नये, जिन्यात नको आणि दारापाशी तर मुळीच नको, कारण तीच बाहेर पडायची वाट असते. पॅक जोडण्याचे काम जाणकाराकडून करून घ्यावे, प्रत्येक सेलवर लक्ष ठेवणारा बीएमएस आणि योग्य फ्यूज त्यात असावा. चार्जिंग दिवसा, उघड्यावर, कोणीतरी समोर असताना. बिर्याणीचे भांडे चुलीवर चढवून आपण झोपायला जातो का?

पाण्याचेही तसेच. खडकवासल्याचे पाणी शहर पिते. तिथे परवानगीशिवाय उतरू नये, आणि तिथे दरवर्षी पोहता न येणारी मुले बुडतात हे आपण सारे जाणतो. मुळा-मुठेत जलपर्णी पंख्याला गुंडाळते. घाण पाणी तोंडात जाते ते वेगळेच. मुलाला आधी पोहायला शिकवा, मुलीलाही. लाइफ जॅकेट आणि हेल्मेट अंगावर हवेच. पडल्यावर खांबाला धडकू नये म्हणून पाणी किमान छातीच्या वर हवे. रिमोटचा सिग्नल पाण्यात विरतो, त्यामुळे सिग्नल तुटला की मोटर आपोआप थांबली पाहिजे, बोट सोडले की थांबली पाहिजे, आणि पंख्याभोवती कडे हवे.

पहिली चाचणी जमिनीवर, पाण्याने भरलेल्या पिंपात, आणि त्याही आधी रिकाम्या आवरणाची. आत कोरडा कागद ठेवून झाकण आवळावे, पाण्यात रात्रभर बुडवून ठेवावे आणि सकाळी उघडून पाहावे. कागद ओला निघाला तर बॅटरी आत घालण्याचा विचार त्या दिवशी सोडून द्यावा.