स्पोर्ट्स कार आणि नकलेचा आरोप

जळगाव-धुळ्याकडच्या मोटारवेड्यांत एक सिद्धान्त निर्विवाद मानला जातो : युरोपीय स्पोर्ट्स कारला आत्मा असतो, जपानी स्पोर्ट्स कारला नुसतेच इंजिन. पोर्श, फेरारी, लोटस ही अभिजात निर्मिती. मझदा, होंडा, टोयोटा ही तिची टिकाऊ आणि स्वस्त नक्कल. हे सांगणाऱ्यांपैकी बहुतेकांनी यांतली एकही गाडी चालवलेली नसते. त्याचा दोष त्यांना देता येत नाही. भरमसाट आयातशुल्क सोसलेल्या या देशात स्पोर्ट्स कार ही प्रामुख्याने वाचण्याचीच वस्तू राहिली आहे. परंतु नेमक्या याच कारणाने हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांचाही होतो. जे मत केवळ वाचनातून बनते, ते कोणाच्या लेखणीतून आले हे तपासणे आपले काम आहे.

नकलेच्या आरोपाचा ठळक नमुना म्हणजे मझदाची एमएक्स-५. १९८९ साली ही गाडी आली तेव्हा तिच्यात लोटस एलानची (१९६२) छाया सर्वांनाच दिसली, आणि ती होतीही. पुढे इंजिन, ओढ मागच्या चाकांना, दोन आसने, उघडे छप्पर, कमी वजन : हा सारा आराखडा इंग्रजांचा. मात्र खुद्द इंग्लंडमध्ये तो तेव्हा मरणपंथाला लागला होता. एमजीचा ॲबिंग्डनचा कारखाना १९८० मध्येच बंद पडला. मझदाने तो आराखडा घेतला, त्याची गळती आणि लहरीपणा काढून टाकला आणि घोडा व स्वार एकरूप होण्याची आपली जुनी कल्पना, 'जिन्बा इत्ताई', त्याच्या केंद्रस्थानी ठेवली. त्यानंतर बीएमडब्ल्यू झेड३ (१९९५) आणि पोर्श बॉक्सस्टर (१९९६) आल्या. २०१५ साली फियाटने आपले १२४ स्पायडर हे नाव पुन्हा पुढे आणले, ती गाडी तर एमएक्स-५च्याच सांगाड्यावर हिरोशिमात तयार होत होती. आता नक्कल कोणी कोणाची केली?

होंडा एनएसएक्सची (१९९०) गोष्टही अशीच. मॅक्लारेन एफ१चा रचनाकार गॉर्डन मरे याने चालवण्यातील सहजतेसाठी जी गाडी मानदंड म्हणून समोर ठेवली, ती हीच. युरोपातल्या जाणकाराने जे मोकळेपणाने मान्य केले, ते आमच्याकडचे युरोपभक्त मान्य करीत नाहीत.

आणि टिकाऊपणा हा सौंदर्याबाहेरचा गुण का मानावा? जळगावचा पारा मे महिन्यात ४५ अंशांकडे सरकतो. अशा उन्हात सुरू होणारी, वळणावर हुकमी वागणारी गाडी ही बांधेसूद कृती आहे. आमच्या रस्त्यावरून, आमच्या हवेत हा निर्णय करून पाहिला तर 'आत्म्या'ची व्याख्या बदलावी लागेल.

खरी नक्कल पाहायची असेल तर ती आपल्या घरातच आहे. मुंबईत कुर्ल्याला १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट तयार होऊ लागली. तीच पुढे प्रीमियर पद्मिनी झाली आणि थोड्याफार फेरफारांनिशी २००० सालापर्यंत निघत राहिली. तिच्यावर आपले प्रेम आहे आणि ते योग्यच आहे. पण तीन दशकांहून अधिक काळ हाती असलेल्या आराखड्याला आपण कोणता नवा विचार दिला? घेण्यात लाज नसते. घेतलेले तसेच वापरीत राहण्यात असते.

खानदेशाला हे नव्याने सांगावे लागू नये. फैजपूरला जन्मलेल्या मर्ढेकरांवर परकीय प्रभावाचा शिक्का मारून झाला, तरी मराठी कविता त्यांच्यानंतर पूर्वीसारखी राहिली नाही. सांगवीच्या नेमाड्यांनी देशीयतेचा विचार मांडला त्याला आता चार दशके होऊन गेली. तरीही आपल्या वर्गांतून 'ही कादंबरी अमक्या पाश्चात्त्य कादंबरीवरून घेतली' एवढे सांगून विवेचन संपते. उगम दाखवला म्हणजे मूल्यमापन झाले, असे मानणारा समीक्षक आणि एमएक्स-५ला एलानची नक्कल म्हणणारा मोटारवेडा यांच्यात फरक नाही. दोघेही गाडी कोठून निघाली एवढेच पाहतात. ती कोठवर पोचली, हे पाहिल्याशिवाय दोघांनाही निवाडा करण्याचा अधिकार नाही.