‘चंदू चॅम्पियन’मधून चुकीचा धडा घेऊ नका!



२०२४ मध्ये आलेला कबीर खान यांचा ‘चंदू चॅम्पियन’ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला असेल. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरच्या मुरलीकांत पेटकरांची ही खरी गोष्ट. सिनेमा संपला की अंगावर काटा येतो आणि सगळे एकच वाक्य घेऊन बाहेर पडतात : ‘काही झालं तरी सोडायचं नाही.’

माझं मत जरा वेगळं आहे. पेटकर जिंकले, कारण त्यांनी योग्य वेळी योग्य गोष्ट सोडली.

नीट बघा. सिनेमातला छोटा मुरली खाशाबा जाधवांचं स्वागत बघतो आणि ऑलिम्पिक पदकाचं स्वप्न कुस्तीत बघतो. पुढे सैन्यात जातो, तिथे बॉक्सिंग धरतो. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागतात, कमरेखालचं शरीर साथ सोडतं. बॉक्सिंग संपलं. मग उपचारांचा भाग म्हणून पोहणं सुरू होतं. १९६८ ला खरे पेटकर तेल अवीवच्या पॅरालिम्पिकमध्ये टेबल टेनिस खेळले, पदक मिळालं नाही. १९७२ ला जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात सुवर्ण! पॅरालिम्पिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण.

खेळ बदलत गेले. पदक मात्र डोळ्यांसमोरून हललं नाही.

आता आपल्या धंद्याकडे या. एसटीडी बूथवाले आठवतात? काहींनी वेळेत झेरॉक्स मशीन घेतलं, मग मोबाईल रिचार्ज, आज तेच ऑनलाइन फॉर्म भरून देतात. काही जण मात्र ‘वडिलांनी सुरू केलेलं आहे, बंद कसं करू?’ म्हणत बसून राहिले. पहिल्यांनी बूथ सोडला, गिऱ्हाईक सोडलं नाही. दुसऱ्यांनी बूथ धरून ठेवला आणि गिऱ्हाईक गेलं.

तोट्यातलं दुकान केवळ जिद्द म्हणून ओढत राहणं, त्यासाठी बायकोचे दागिने गहाण टाकणं, याला मी चिकाटी म्हणत नाही. तिथे पणाला लागलेलं असतं ते अख्खं घर.

पण थांबा, याचा अर्थ दर सहा महिन्यांनी धंदा बदला असाही नाही! पेटकरांनी कंटाळा आला म्हणून बॉक्सिंग सोडलं नव्हतं. शरीरानेच तो रस्ता बंद केला होता. आणि नव्या रस्त्यावर जाताना जुनी शिस्त, सरावाची सवय त्यांच्या सोबत होती.

अजून एक. सुवर्ण १९७२ चं, पद्मश्री २०१८ ची. मध्ये ४६ वर्षं गेली. टाळ्यांवर ज्याचा धंदा उभा असतो, तो इतका वेळ टिकत नाही.

आज रात्री वहीचं एक पान घ्या, मध्ये रेघ मारा. डावीकडे लिहा, ‘काय धरून ठेवायचं’ : तुमचं गिऱ्हाईक, तुमचं कौशल्य, तुमचा शब्द. उजवीकडे लिहा, ‘काय सोडायचं’ : न खपणारा माल, न परवडणारी जागा, वसूल न होणारी उधारी.

उजवी बाजू कोरी राहिली, तर सिनेमा पुन्हा एकदा बघा.