'वरून आदेश आल्यावर बघू'

परवा एकाने विचारलं, ब्रिगेडियर जनरल म्हणजे नक्की कोण हो? अमेरिकन सैन्यात एका स्टारचा, जनरलांमधला सगळ्यात खालचा हुद्दा. दुसऱ्या महायुद्धात तिथल्या पायदळाच्या डिव्हिजनचा प्रमुख मेजर जनरल आणि त्याचा सहायक ब्रिगेडियर जनरल. आपल्याकडे सहायक म्हटलं की सह्या आणि मीटिंगा. तिथलं बघा.

६ जून १९४४, नॉर्मंडीचा युटा किनारा. चौथ्या डिव्हिजनचे ब्रिगेडियर जनरल थिओडोर रूझवेल्ट ज्युनियर, माजी राष्ट्राध्यक्षांचे चिरंजीव. वय ५६, संधिवात, हातात काठी. तरी लेखी अर्ज करून पहिल्याच लाटेत उतरायची परवानगी मिळवली. होड्या भरकटून ठरलेल्या जागेपासून जवळपास दोन किलोमीटर दक्षिणेला लागल्या. सगळा प्लॅन बोंबलला. रूझवेल्ट यांनी गोळीबारात स्वतः फिरून परिसर पाहिला, बटालियनच्या प्रमुखांशी बोलले आणि ठरवलं: मागची फौज इथेच उतरवायची. इथे जर्मन बंदोबस्त कमी होता, निर्णय बरोबर ठरला. १२ जुलैला हृदयविकाराने ते गेले. मेडल ऑफ ऑनर मरणोत्तर मिळालं.

प्लॅन फसला तेव्हा निर्णय घेणारा माणूस जागेवर होता, हे महत्त्वाचं. आपल्याकडे पूर आला की साहेब फोनवर, आणि खालचा म्हणतो, 'वरून आदेश आल्यावर बघू.' सगळा दोष त्याचाही नाही. निर्णय चुकला तर पाठीशी उभा राहणारा वरिष्ठ त्याला कुठे आहे? आधी तो द्या, मग जाब विचारा.

पटतंय का? कमेंटमध्ये बोला.