टर्बोचा रॉड आवळू नका, तो सांडवा आहे



गाळप हंगाम तोंडावर आला की आमच्याकडं मिस्त्र्यांपुढं ट्रॅक्टरच्या रांगा लागतात. ऑइल, फिल्टर, टायर ही कामं नेहमीचीच. पण हल्ली एक काम हमखास सांगितलं जातं, "टर्बोचा रॉड जरा आवळून द्या, डबल ट्रॉली चढाला दम सोडतीय." मिस्त्री पाना लावून पाच मिनिटांत आवळून देतो. माझं स्पष्ट मत आहे, हे बंद झालं पाहिजे. मी स्वतः हे करून बसलोय म्हणून बोलतोय.

आधी तो रॉड कशाला असतो ते बघू. इंजिनाचा जळका धूर सायलेन्सरकडं जाताना टर्बोचं एक चाक फिरवतो. त्याच शाफ्टवर दुसऱ्या टोकाला दुसरं चाक असतं, ते फिल्टरची हवा दाबून इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणजे डिझेल नीट जळतं. हे चाक मिनिटाला लाखभर फेरे घेतं. लोड वाढला की धूर वाढतो, चाक आणखी पळतं, हवेचा दाब वाढतो. याला कुठंतरी लगाम पाहिजे. तो लगाम म्हणजे वेस्टगेट.

टर्बोशेजारी डबीसारखा अ‍ॅक्च्युएटर दिसतो. आत रबरी पडदा आणि स्प्रिंग. हवेच्या बाजूनं एक बारीक नळी डबीत येते. दाब स्प्रिंगला भारी झाला की पडदा रॉडला ढकलतो, रॉड धुराच्या बाजूची झडप उघडतो, आणि जादा धूर चाकाला बगल देऊन थेट सायलेन्सरला जातो. चाक आवरतं, दाब ठरलेल्या जागी राहतो. दाब उतरला की स्प्रिंग झडप परत बंद करते.

म्हणजे हा आपल्या तलावाचा सांडवाच झाला. तळ्यात पाणी जास्त मावावं म्हणून कुणी सांडव्यावर पोती रचतं का? रचली तर पाणी चार दिवस जास्त दिसेल, पण पहिल्या मोठ्या पावसात बांध फुटंल. रॉड आखूड करून आवळणं म्हणजे सांडव्यावर पोती रचणंच आहे. झडप उशिरा उघडते आणि दाब वाढतो.

बरं, नुसत्या हवेनं ताकद येत नाही, ताकद डिझेलची. म्हणून मग पंपाचा स्क्रूही फिरवला जातो. माझ्या ट्रॅक्टरला दोन्ही केलं होतं. पंधरा दिवस चढाला असा पळाला, की मी चार जणांना सांगत सुटलो. मग एका रात्री भरल्या ट्रॉल्यांसकट हेड गॅस्केट गेलं. खोललं तर टर्बोच्या शाफ्टला खेळ आलेला, हवेचं चाक घराला घासलेलं. ऊस रस्त्याकडंला वाळत पडला, वजन घटलं, टोळी बसून राहिली. मिस्त्र्याला काय बोलणार? सांगितलं मीच होतं.

दम कमी पडला, काळा धूर आला, तर आधी एअर फिल्टर बघा. मग टर्बोपासून इंजिनापर्यंतचे होज आणि क्लिपा बघा. दाबलेली हवा वाटेतच गळत असेल तर रॉड आवळून काय उपयोग? झडप कार्बननं उघडीच अडकली असेल तरी दाब बनत नाही. उलट अ‍ॅक्च्युएटरची बारीक नळी तडकली किंवा पडदा फाटला, तर झडप उघडतच नाही आणि दाब नको तेवढा चढतो. ट्रॅक्टर अचानक जास्तच पळायला लागला तर खूश होऊ नका, ती नळी तपासा.

तपासायची पद्धत सोपी आहे. इंजिन थंड असताना गेज असलेल्या हातपंपानं नळीत हवा भरायची. मॅन्युअलमध्ये दिलेल्या दाबाला रॉड हलायला लागला पाहिजे, आणि पंप थांबवल्यावर काटा उतरता कामा नये. टायरची हवा भरायचा कॉम्प्रेसर थेट लावू नका, पडदा फाटतो. रॉडच्या नटावर रंगाची रेघ मारून ठेवा, कुणी फिरवला तर लगेच कळतं. सगळ्याच ट्रॅक्टरच्या टर्बोला वेस्टगेट नसतो, त्यामुळं आपल्याला आहे का ते आधी बघा.

जानेवारी २०२३ पासून ५० एचपीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरला ट्रेम-४ चे नियम लागू झाले. त्यांची इंजिनं सेन्सरवर चालतात. तिथं पान्याची हुशारी चालत नाही, दाब बिघडला की कॉम्प्युटर ताकदच कापतो.

माझं म्हणणं एवढंच. मिस्त्री मंडळींनी हा हातपंप घ्यावा आणि मोजल्याशिवाय रॉडला हात लावू नये. आपण मालकांनी ट्रॉली झेपेल तेवढीच भरावी. पलटी नांगरालाही वाफसा बघून घालावं. ढेकळं निघणाऱ्या वाळक्या काळ्या रानात सगळा लोड शेवटी टर्बोवरच येतो. कृषी सहाय्यकांनी मशागतीच्या कार्यक्रमात औषधांसोबत हेही दहा मिनिटं सांगावं.

एक फेरी जास्त झाली तर वाहतुकीचे चार पैसे जातात. भर हंगामात इंजिन खोललं तर हंगाम जातो.

पटलं तर बघा. राम राम.