इंग्रजी शिकू या : प्रश्नाचा जोर

'होतास तरी कुठे?' यातल्या 'तरी'मुळे प्रश्नात त्रागा येतो. इंग्रजीत हे काम 'ऑन अर्थ' करते. ते प्रश्नशब्दाला लागूनच येते : 'व्हेअर ऑन अर्थ वेअर यू?' घरात हे चालेल, साहेबापुढे मात्र उद्धट ठरेल. तेथे 'एक्झॅक्टली', म्हणजे 'नेमके', वापरावे : 'व्हॉट एक्झॅक्टली इज मिसिंग?' अर्जात नेमके काय कमी आहे? मग 'एल्स' जोडून विचारावे : 'व्हॉट एल्स इज नीडेड?' आणखी काय लागेल? सगळे कागद एकदाच कळले, तर आईवडिलांचा एक हेलपाटा आणि कामावरचा एक खाडा वाचतो. मुलामुलींना आम्ही एवढेच सांगू : शब्द सौम्य ठेवा, पण प्रश्न सोडू नका. विचारणे हा आपला हक्क आहे.