खिळ्याला टांगलेला नान

"एकटाच?"

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हा प्रश्न आम्हाला निदान चार भाषांत विचारला गेला. पहिल्यांदा तो आमच्याच पडवीत, अम्मीने विचारला. आम्ही उझबेकिस्तानला जायचं म्हणत होतो. सोबत कुणी नाही, कुठल्या टूर कंपनीचं नाव नाही, पाठीवर एक सॅक आणि शाळेला सुट्टी आहे तेवढे दिवस. अम्मी तांदूळ निवडत होती. ताट बाजूला ठेवून म्हणाली, "कामाला जातात, जहाजावर जातात, हजला जातात. नुसतं बघायला कुणी एकटं जातं का रे?"

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आमच्या कोकणात एकट्याने परदेशी न गेलेला पुरुष ज्या घरात नाही असं मुसलमानाचं घर शोधावं लागेल. कुणी मस्कतला, कुणी जेद्दाहला, कुणी बोटीवर. पण ते सगळे कमवायला गेले. आमचे अब्बा बावीस वर्षं कुवेतला होते. बावीस वर्षांत त्यांनी काय पाहिलं असं विचारलं तर ते बोटांवर मोजून सांगायचे: कॅम्प, साइट, मशीद, पोस्ट ऑफिस. चौथ्या बोटावर गाडी थांबायची.

आणि अम्मीच्या प्रश्नामागे 1990 साल होतं. ऑगस्टच्या 2 तारखेला इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि अब्बांची पत्रं थांबली. आम्ही तेव्हा सहावीत होतो. गावातल्या एकमेव टेलिफोनपाशी रोज बायकांची गर्दी असायची. एअर इंडियाच्या विमानांनी त्या वेळी अम्मानहून पावणेदोन लाखांच्या आसपास हिंदी माणसं परत आणली, हे आम्ही पुढे वाचलं. तेव्हा घरात मोजायला एकच माणूस होतं. सप्टेंबर संपता संपता अब्बा आले. बसरा, बगदाद, अम्मान असा बसचा प्रवास करून, खांद्याला एक पिशवी लावून. बाकी बावीस वर्षांचं सामान तिकडेच राहिलं. त्यानंतर पाठीवर पिशवी लावलेला माणूस अम्मीला सहलीला निघालेला वाटत नाही.

त्यात मोहल्ल्यातल्या मौलानांनी मदत केली. ते म्हणाले, रात्रीचा प्रवास एकट्याने करण्याबद्दल हदीसमध्ये नापसंती आहे, आणि ती हदीस सहीह बुखारीत आहे. म्हणजे इमाम बुखारींच्याच गावी निघालेल्या माणसाला त्यांच्याच किताबातून इशारा. यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. तो काळ वाळवंटाचा आणि लुटारूंचा होता, आता गाड्या असतात, डब्यात पन्नास माणसं असतात, असं काहीतरी पुटपुटलो. मौलाना हसले. "जा," म्हणाले, "पण काम झालं की घरी लवकर परतावं, हेही त्याच किताबात आहे."

दिल्ली गाठायला आम्हाला रेल्वेने दीड दिवस लागला. दिल्लीहून ताश्कंद तीन तास. लांब काय आणि जवळ काय, हे नकाशावरून ठरवू नये.

ताश्कंद म्हटलं की आपल्याला लालबहादूर शास्त्री आठवतात. त्यांच्या नावाचा रस्ता तिथे आहे, पुतळा आहे. तो पाहिला, सलाम केला आणि त्याच रात्री बुखाऱ्याची गाडी पकडली. रात्रीचीच, मौलाना माफ करोत. डब्याच्या टोकाला समोवार खदखदत होता. समोरच्या बाकावर दोन म्हाताऱ्या आणि एक नातू. त्यांनी दस्तरखान पसरला. शब्दही तोच, दस्तुरखोन. वर नान, उकडलेली अंडी, द्राक्षं. मग आमच्याकडे बघून एकीने विचारलं, "योल्गिझ?" म्हणजे एकटाच? बायको कुठे? मुलं किती? मोबाइलवर आम्ही घरच्यांचे फोटो दाखवले, तेव्हा कुठे तिची खात्री पटली की हा घरातून हाकलून दिलेला माणूस नाही. लगेच नानचा मोठा तुकडा आमच्या हातात आला.

उझबेक भाषेची एक गंमत सांगतो. आपल्या आ-च्या जागी ओ ठेवला की निम्मी भाषा हाताला लागते. बाजार तो बोझोर, किताब तो कितोब, दुकान ते दुकोन, अनार तो अनोर, समोसा तो सोमसा. मोठ्या बहिणीला आपण आपा म्हणतो, ते म्हणतात ओपा. आणि हा शब्द त्यांनी आपल्याकडून घेतलेला नाही, तुर्की बोलणाऱ्यांकडून तो आपल्या घरात आलेला आहे. चहा पितात तो पियोला, म्हणजे आपला पेला. पण हुशारी जास्त दाखवू नये. बाजारात आम्ही ऐटीत "सबजी" मागितली, तर बाईने दोन किलो गाजरं तोलली. तिकडे सबजी म्हणजे गाजर.

बुखाऱ्यात पहिल्याच मगरिबला आमची फजिती झाली. एका गल्लीतल्या छोट्या मशिदीत जमातीला उभे राहिलो. आम्ही शाफई, ते सगळे हनफी. इमामसाहेबांचा फातिहा संपला आणि आम्ही सवयीने मोठ्याने "आमीन" म्हटलं. मशिदीत एकच आवाज, तोही परदेशी. शेजारचा मुलगा दचकला. सलाम फिरवल्यावर एक पांढऱ्या दाढीचे बुजुर्ग आमच्याकडे आले. आता काहीतरी ऐकावं लागणार असं वाटलं. त्यांनी छातीवर हात ठेवला, खुणेनेच आमचे उचललेले हात करून दाखवले आणि विचारलं, "शोफिई?" आम्ही मान हलवली. "हिंदिस्तोन?" पुन्हा मान हलवली. मग ते आम्हाला घरी जेवायला घेऊन गेले.

जेवायला पुलाव होता. वर गोल गोल कापलेले मांसाचे काप होते. त्याला म्हणतात काझी. घोड्याच्या मांसाचा तो प्रकार. आता बघा, आमच्या मसलकाप्रमाणे घोडा हलाल. इमाम अबू हनीफांनी (रह.) त्याला मकरूह म्हटलेलं. पण यजमान हनफी आवडीने खात होते आणि पाहुणा शाफई घोड्याकडे बघून घाम पुसत होता. एक काप खाल्ला. दुसऱ्याबद्दल विचारू नका.

ते बुजुर्ग लहान असताना बुखाऱ्याची मोठी कलान मशीद गोदाम होती. समोरचा मीर-ए-अरब मदरसा सरकारने दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा उघडू दिला, पण तिथे जागा मूठभर विद्यार्थ्यांना. यांना नमाज शिकवली ती आजीने, रात्री, खिडकीला गोधडी लावून. हे सगळं त्यांच्या नातवाने मोबाइलवर भाषांतर करून आम्हाला दाखवलं. "गोधडी" हा शब्द आमचा, मोबाइलने "जाड कापड" म्हटलं होतं.

इमाम बुखारींचं (रह.) म्हणाल तर बुखाऱ्यात त्यांची कबर नाही. हे पुष्कळांना माहीत नसतं, आम्हालाही नव्हतं. इ.स. 810 मध्ये जन्म इथला. वडील लहानपणीच गेले, आईने वाढवलं. सोळाव्या वर्षी ते आई आणि मोठ्या भावाबरोबर हजला गेले. हज झाला, आई आणि भाऊ परत निघाले, आणि हा मुलगा म्हणाला, मी राहतो. मग मक्का, मदीना, बसरा, कूफा, बगदाद, शाम, मिस्र. एकेका हदीससाठी माणूस शोधत फिरणं. त्यांच्या चरित्रात पुढचं सगळं असतं, किती हदीस तपासल्या, किती निवडल्या. आमचं मन मात्र कलान मनाऱ्याच्या सावलीत बसल्या बसल्या त्या आईपाशी अडकलं. मक्केहून बुखाऱ्यापर्यंत कित्येक महिन्यांची वाट. येताना दोन मुलं होती, जाताना एक. ती कुणाला काय म्हणाली असेल, हे कुठल्या किताबात नाही.

म्हातारपणी इमामसाहेब बुखाऱ्याला परतले, तर तिथल्या हाकिमाशी बिनसलं आणि त्यांना शहर सोडावं लागलं. समरकंदजवळच्या खर्तंग गावी, नातेवाइकांच्या घरी, 256 हिजरीत ईदुल फित्रच्या रात्री त्यांचा इंतकाल झाला. कबर तिथेच आहे.

बुखाऱ्यातल्या आमच्या मुसाफिरखान्यात मलेशियाच्या दोन मुली उतरल्या होत्या. हिजाब, पाठीवर आमच्याहून मोठ्या सॅक. दोघीच. आमची भाची कॉलेजात आहे. तिला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "मामू, मी जाऊ?" आम्ही रेंज नसल्यासारखं केलं. घरी आल्यावर तिने तोच प्रश्न पुन्हा विचारलाय आणि आम्ही अजून रेंज नसल्यासारखंच करतो आहोत. मुलगी असतो तर पडवीत नुसता प्रश्न विचारून अम्मीने आम्हाला सोडलं असतं का, हेही खरंच आहे.

समरकंदला रेगिस्तानचे तीन मदरसे पाहिले. उलुगबेगचा 1420 सालचा, बाकीचे दोन सतराव्या शतकातले. निळाई अशी की मान दुखेपर्यंत वर बघावं. उलुगबेगची वेधशाळाही पाहिली, म्हणजे तिचा जमिनीखाली उरलेला दगडी कमानीचा भाग. बादशहाचा नातू, बसून ताऱ्यांची यादी करणारा. या सगळ्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, आम्ही नवीन काय सांगणार.

आम्ही उतरलो होतो जुन्या मोहल्ल्यातल्या एका घरात. अंगणात अनाराचं झाड, द्राक्षाचा मांडव. घरच्या बाईंना सगळे ओपा म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. वयाने आमच्याहून थोड्या मोठ्या. त्या चहा ओतत तेव्हा पेला अर्धाच भरत. पहिल्या दिवशी आम्हाला कंजुषी वाटली. मग कळलं की तो मान आहे: अर्धा पेला म्हणजे पुन्हा पुन्हा ओतायला मिळो, बसा. काठोकाठ भरून दिला तर समजावं, आता निघा.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर एका खिळ्याला नान टांगलेला होता. समरकंदचा तो जाड, चकचकीत, मधोमध नक्षीचे ठसे उठवलेला. वाळून लाकूड झालेला. एका बाजूने एक घास तोडलेला. आम्हाला वाटलं शोभेचा असेल. विचारलं, तर ओपांनी पदराने, म्हणजे ओढणीने, त्याच्यावरची धूळ पुसली आणि मोबाइलवर बोलल्या. घरातून कुणी लांब निघालं की त्याने नानचा एक घास खायचा. उरलेला टांगून ठेवायचा. तो परत आला की बाकीचा संपवतो. मुलगा रशियात आहे, बांधकामावर. दोन वर्षं झाली.

आम्ही त्या घासाकडे बघत राहिलो. दातांचे ठसे स्पष्ट होते.

1990 च्या त्या दोन महिन्यांत अम्मी अब्बांची लुंगी धुऊन दर जुम्याला उन्हात घालायची. कुणी घालत नव्हतं, मळत नव्हती. आम्हाला तेव्हा राग यायचा. विहिरीवरून पाणी आम्ही आणायचो.

सुट्टीचे अजून सहा दिवस होते. तिथून फरगाना खोऱ्यात अंदिजानला जायचं ठरवलं होतं. बाबर तिथला. ते राहिलं. आम्ही तिकीट पुढे ओढून घेतलं, थोडा दंड भरला. मौलाना विचारतील तर सांगता येईल, काम झालं होतं.

निघायच्या सकाळी ओपा ताजा नान घेऊन दारात उभ्या. आम्ही म्हटलं, ओपा, आम्ही पाहुणे, घरचे नाही. त्यांनी नान आमच्या तोंडापुढे धरला. बिस्मिल्ला म्हणून घास तोडला. अजून गरम होता, वरचे तीळ सदऱ्यावर पडले. त्यांनी दुसरे चार नान कापडात बांधून सॅकमध्ये कोंबले. समरकंदचा नान पुष्कळ दिवस टिकतो, पाण्याचा हबका मारून गरम केला की पुन्हा खाता येतो.

तसंच केलं. घरी अम्मीने हबका मारून तव्यावर गरम केला, सालनात बुडवून खाल्ला. "बरा आहे," म्हणाली, "पण दातांना नको." मग आम्ही खिळ्याची गोष्ट सांगितली. ती काही बोलली नाही. उठून ताट ठेवायला गेली.

आता महिन्या-दोन महिन्यांनी, अगदी भलत्याच वेळी, ती विचारते, "त्या बाईचा मुलगा आला का रे?" मग आम्ही ओपांना निरोप टाकतो. परवा त्यांनी उत्तरादाखल नुसता फोटो पाठवला. तीच भिंत. दोन खिळे, दोन नान. अम्मीने चष्मा शोधून आणला, मोबाइल जवळ धरला आणि विचारलं, "यातला तुझा कुठला?"

"डावीकडचा."

"नीट दिसत नाही," ती म्हणाली. "मोठा कर. दुसरा."