मेळाव्याचे दार कोणासाठी उघडे?

गेल्या पंधरा-वीस वर्षांत पुण्याच्या सार्वजनिक जीवनात एका नव्या प्रकारच्या सभेची भर पडली आहे. या सभेत ठराव मांडले जात नाहीत, अध्यक्षपदाची सूचना आणि अनुमोदन होत नाही आणि आभारही बहुधा उभ्याउभ्याच मानले जातात. शनिवारी सकाळी किंवा आठवड्यातील एखाद्या संध्याकाळी बाणेर, हिंजवडी, विमाननगर अशा भागांतील कार्यालयात वा महाविद्यालयाच्या सभागृहात पन्नास-साठ तरुण जमतात. कोणी आपल्या नियोजित उद्योगाची कल्पना पाच मिनिटांत मांडतो, कोणी आपण कोठे फसलो ते सांगतो, कोणी भांडवल गुंतवण्यासाठी आलेला असतो, तर कोणी नोकरी शोधण्यासाठी. तंत्रज्ञानाच्या आधाराने उभ्या राहणाऱ्या ज्या नवउद्योगांना आज सर्वत्र स्टार्टअप म्हटले जाते, त्यांचे हे मेळावे होत. २००८ मध्ये पुणे ओपन कॉफी क्लब या नावाने अशा मंडळींचे एकत्र येणे सुरू झाले. त्यानंतर या मेळाव्यांना बहर आला आणि २०१६ नंतर सरकारनेही त्यांत रस घेतला.

आपल्यापैकी पुष्कळ कार्यकर्ते या सर्व प्रकाराकडे उपहासाने पाहतात. ही श्रीमंतांच्या मुलांची हौस आहे, परकीय भांडवलावर फुगवलेले फुगे आहेत, त्यांच्याशी कष्टकऱ्यांचा संबंध काय, असा प्रश्न बैठकांतून ऐकू येतो. या उपहासाला काही आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. भांडवलाचा ओघ आटताच कर्मचाऱ्यांना घरी पाठवणारे नवउद्योग आपण पाहिले आहेत. पण एवढ्यावर विषय संपवणे म्हणजे आपल्या वस्तीतील तरुणांना ज्या ठिकाणी काही मिळू शकते, ते ठिकाण आपण होऊन सोडून देणे होय. संधी खरी आहे की खोटी, हा प्रश्न मला आता गौण वाटतो. ती ज्या दारातून वाटली जाते ते दार कोणासाठी उघडे आहे, हा खरा प्रश्न आहे.

अर्ध्या मिनिटाचे अंतर

प्रस्तुत लेखक काही महिन्यांपूर्वी अशाच एका मेळाव्याला श्रोता म्हणून गेला होता. तेथे भोसरीच्या एका कारखान्यात काम करणारा पदविकाधारक तरुण भेटला. यंत्र दिवसातून किती वेळ आणि कशामुळे बंद राहते याची आपोआप नोंद ठेवणारे एक छोटे उपकरण त्याने फावल्या वेळात तयार केले होते. मोठ्या कारखान्यांतून अशी व्यवस्था महागड्या यंत्रांबरोबरच येते. पाच-सहा कामगारांच्या छोट्या वर्कशॉपला परवडेल असे काही करावे, हा त्याचा प्रयत्न. पिशवीतून आणलेले ते उपकरण त्याने सल्लागार म्हणून आलेल्या एका गृहस्थांसमोर ठेवले. त्या गृहस्थांनी ते सौजन्याने पाहिले आणि ‘डेक पाठवा’ असे इंग्रजीत सांगून ते पुढच्या माणसाकडे वळले.

बाहेर जिन्यात तो मुलगा मला विचारता झाला, “काका, डेक म्हणजे काय?”

उद्योगाची कल्पना, ग्राहक, खर्च आणि अपेक्षित उत्पन्न यांची दहा-बारा पानांत केलेली मांडणी, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. तो समजावून सांगायला अर्धे मिनिट लागले. परंतु सभागृहात तो विचारण्याची त्याची हिंमत झाली नव्हती, आणि तेथे येण्यासाठी त्याने अर्ध्या दिवसाचा पगार बुडवला होता. त्या गृहस्थांना मी दोष देत नाही; त्यांच्या वर्तनात तुच्छता नव्हती. त्यांच्या रोजच्या व्यवहारात तो शब्द ज्याला ठाऊक नाही असा माणूस येतच नाही, एवढेच. प्रवेशद्वारावर कोणालाही अडवले जात नव्हते. तरीही भाषा, वेळ, अंतर आणि ओळख या चार अडसरांनी ते दार पुरेसे बंद झाले होते.

यात पाचवा आणि सर्वांत जड अडसर आहे तो घरखर्चाचा. नवा उद्योग उभा राहीपर्यंत वर्ष-दीड वर्ष उत्पन्नाशिवाय काढावे लागते. ज्याच्या वडिलांचे घर स्वतःचे आहे तो अपयशी झाला तर अनुभव घेऊन पुन्हा नोकरीला लागतो. ज्याच्या पगारातून घरभाडे आणि धाकट्या बहिणीची फी जाते, त्याला अपयशाचा हा अनुभव परवडत नाही. मेळाव्यांतील व्याख्यानांतून धाडसाची महती पुष्कळ गायली जाते. धाडसाला लागणारी शिल्लक कोठून यावी, हे क्वचितच सांगितले जाते.

पैसा कोणाचा?

हा खाजगी लोकांचा खाजगी व्यवहार आहे, त्यांनी कोणाला बोलवावे हे विचारणारे आपण कोण, असा आक्षेप येथे घेतला जाईल. तो वस्तुस्थितीला धरून नाही. १६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने स्टार्टअप इंडियाची कृतियोजना जाहीर केली. तिच्या अन्वये १०,००० कोटी रुपयांचा निधी लघुउद्योग विकास बँकेमार्फत, म्हणजे सिडबीमार्फत, गुंतवणूक संस्थांना द्यावयाचे ठरले. २०२१ मध्ये ९४५ कोटी रुपयांची बीजनिधी योजना आली. तीत कल्पना सिद्ध करण्यासाठी २० लाखांपर्यंत अनुदान आणि उत्पादन बाजारात नेण्यासाठी ५० लाखांपर्यंत साहाय्य देण्याची तरतूद करण्यात आली. विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाच्या ‘प्रयास’ योजनेत उपकरणाचा पहिला नमुना तयार करण्यासाठी १० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ही सर्व रक्कम करदात्यांची आहे, आणि काडेपेटी विकत घेणारा माणूसही करदाताच असतो.

बीजनिधी आणि प्रयास या योजनांतील पैसा तरुणाच्या हाती थेट पडत नाही. तो इन्क्युबेटर म्हणजे नवउद्योगांची उबवणी करणाऱ्या केंद्रांमार्फत जातो. ही केंद्रे कोठे महाविद्यालयांत आहेत, कोठे शासकीय संस्थांत, कोठे स्वतंत्र. म्हणजेच निधी सार्वजनिक असला तरी तो कोणाला द्यावयाचा हे ठरवणारी माणसे याच मेळाव्यांच्या वर्तुळात वावरणारी असतात. अशा स्थितीत मेळाव्यातील ओळख हीच पात्रता होऊन बसण्याचा धोका असतो. कोणी भ्रष्टाचार करतो असा याचा अर्थ नव्हे. माणूस ओळखीच्या चेहऱ्यावर अधिक लवकर विश्वास टाकतो, आणि व्यवस्थेने त्याची भरपाई केली नाही तर अन्याय कोणाच्याही दुष्टपणावाचून घडत राहतो.

पुण्याच्या तंत्रज्ञानाची भूमीही सार्वजनिक पैशानेच नांगरलेली आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० मध्ये येथे सुरू झाली. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, १९८८ मध्ये स्थापन झाले आणि १९९१ मध्ये त्याने ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला. हिंजवडीचे उद्यान राज्याच्या औद्योगिक विकास महामंडळाने वसवले. रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ मध्ये सुरू झालेले व्हेंचर सेंटर विज्ञानाधारित नवउद्योगांना प्रयोगशाळा आणि महागडी उपकरणे वापरू देते. नव्या उद्योजकाला ती स्वतः विकत घेणे कधीच शक्य झाले नसते. समाजाने साधने सामाईक ठेवली की व्यक्तीच्या बुद्धीला वाव मिळतो, याचे हे चांगले उदाहरण आहे आणि त्याचा अभिमान आपण बाळगला पाहिजे.

मजुरीऐवजी आश्वासन

मेळाव्यांत उद्योजकाप्रमाणे कर्मचारीही घडतो, याचा मात्र सर्वांना विसर पडलेला दिसतो. नवउद्योगांत पहिल्या दहा-वीस जणांत रुजू होणाऱ्या तरुणांना पुष्कळदा कमी पगार आणि त्याबरोबर भविष्यात समभाग घेण्याचा हक्क देऊ केला जातो. हक्क देणे आणि तो प्रत्यक्षात मिळणे यांत कायद्याने किमान एक वर्षाचे अंतर असावे लागते. व्यवहारात तो चार वर्षांत हप्त्याहप्त्याने देण्याची पद्धत आहे. मुदतीपूर्वी नोकरी सुटली तर उरलेला हक्क जातो, आणि उद्योग बुडाला तर मिळालेला हक्कही कागदापुरताच राहतो. कामगाराला मालकीत वाटा असावा हे तत्त्व आपल्याला प्रियच आहे. पण वाट्याच्या आश्वासनावर आजच्या मजुरीचा बळी द्यावा, असे त्या तत्त्वात कोठेही अभिप्रेत नाही.

२०१६ च्या कृतियोजनेने भविष्यनिर्वाह निधी, राज्य विमा, उपदान, कंत्राटी कामगार यांसह ६ कामगार कायद्यांबाबत नवउद्योगांना स्वयंप्रमाणपत्राची सवलत दिली होती आणि पहिली ३ वर्षे तपासणीतून वगळले होते. विश्वासार्ह लेखी तक्रार आली आणि तिला तपासणी अधिकाऱ्याच्या वरिष्ठाने संमती दिली तरच तपासणी करावयाची. लहान उद्योगाला कागदपत्रांचा जाच नको, हे समजण्यासारखे आहे. परंतु नोकरीत नुकत्याच लागलेल्या बावीस वर्षांच्या मुलीने अशी लेखी तक्रार करावी, ही अपेक्षा धरणाऱ्यांनी कारखान्याचे दार आतून पाहिलेले नसावे. नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आहेत. त्यांच्या अंमलबजावणीत हा अनुभव ध्यानात ठेवावा लागेल.

पैसा फंडाची आठवण

सामान्य माणसाच्या भांडवलावर नवे तंत्रज्ञान उभे करण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. अंताजी दामोदर काळे यांनी स्वदेशीच्या काळात प्रत्येकी एक पैसा गोळा करण्याची मोहीम चालवली. लोकमान्यांनी तिला पाठबळ दिले आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव येथे काचेचा कारखाना निघाला. तेथे कारागीर शिकून तयार झाले आणि त्यांनी ती विद्या अन्यत्र नेली. ज्यांनी पैसा दिला होता त्यांतील कोणी आपली रक्कम पाचपट होऊन परत येईल या आशेने दिली नव्हती. आजचे जोखीम भांडवल नेमके त्याच आशेने येते. म्हणून लहान वर्कशॉपला उपयोगी पडणारे, बेताचा नफा देणारे उपकरण त्याच्या नजरेत भरत नाही. ही उणीव सार्वजनिक निधीने भरून काढावयाची असते. तोही खाजगी भांडवलाचेच निकष लावू लागला तर त्याचे वेगळे प्रयोजन उरत नाही.

पुण्यातच याचे अलीकडचे उदाहरण आहे. ज्या २००८ साली कॉफीच्या निमित्ताने संगणकाची मंडळी एकत्र येऊ लागली, त्याच साली कचरावेचकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करण्यास आरंभ केला. तोही नवउद्योगच होता, आणि त्याचे मालक स्वतः काम करणारे होते. त्याला उभे केले ते सार्वजनिक संस्थेने दिलेल्या कामाने. राज्य सरकारने २०१८ पासून स्टार्टअप सप्ताहातील विजेत्यांना १५ लाखांपर्यंतच्या कामाचे आदेश दिले, त्यामागेही हेच सूत्र आहे: नव्या उद्योगाला शाबासकीपेक्षा पहिल्या ग्राहकाची गरज अधिक असते.

आपण काय मागावे, आपण काय करावे

यासाठी काही मागण्या आपण आग्रहाने मांडल्या पाहिजेत. सार्वजनिक निधी वा सार्वजनिक जागा वापरणाऱ्या प्रत्येक मेळाव्याची सूचना मराठीतून, किमान पंधरा दिवस आधी, आयटीआय, तंत्रनिकेतने आणि ग्रंथालयांत लागली पाहिजे. काही मेळावे सुटीच्या दिवशी भोसरी, हडपसर, चाकण येथे भरले पाहिजेत आणि तेथे मराठीत मांडणी करणे हा कमीपणा ठरता कामा नये. सार्वजनिक निधी वाटणाऱ्या प्रत्येक केंद्राने दरवर्षी अर्ज किती आले, कोणत्या तालुक्यांतून आले, स्त्रिया किती, निवड कोणाची झाली हे प्रसिद्ध करावे आणि नाकारलेल्या अर्जदारास कारण लेखी कळवावे. उभारणीच्या काळातील निर्वाहासाठी दरमहा ३०,००० रुपयांपर्यंत पाठ्यवृत्ती देण्याचे तत्त्व केंद्राच्या ‘निधी’ कार्यक्रमाने मान्य केले आहे. त्यात कारखान्यात काम करणाऱ्या पदविकाधारकांना आणि आयटीआयच्या विद्यार्थ्यांना स्पष्ट स्थान मिळावे. महानगरपालिकांनी स्थानिक नवउद्योगांकडून करावयाच्या खरेदीची यादी जाहीर करावी. आणि ज्या उद्योगाला सार्वजनिक पैसा मिळतो, त्याने समभागाचे आश्वासन देऊन मजुरी कमी करू नये, ही अट अनुदानाच्या करारातच असावी.

मागण्यांचा पाठपुरावा होईपर्यंत आपण हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही. आपल्या शाखांच्या फळ्यावर मोर्चाच्या सूचनेशेजारी बीजनिधीच्या अर्जाची मुदतही लिहिता येईल. संगणक क्षेत्रात नोकरी करणारे अनेक सहानुभूतीदार आपल्याजवळ आहेत. त्यांनी महिन्यातून एक रविवार दिला तर चार अर्ज नीट लिहून होतील. भोसरीच्या त्या मुलासोबत आम्ही तिघांनी दोन रविवार बसून त्याची मांडणी तयार केली, प्रथम मराठीत आणि मग इंग्रजीत. किंमत ठरवताना त्याने ज्या बारकाईने सुटे भाग, जोडणीचा वेळ आणि ग्राहकाची ऐपत यांचा हिशेब केला, तो ऐकून आमच्यातील संगणक कंपनीत काम करणारा मित्र थक्क झाला. अर्ज गेला आहे. निकाल काय लागेल ते लागो. पुढच्या मेळाव्यात तो मुलगा जिन्यात उभा राहणार नाही, आणि त्याने आपल्या कारखान्यातील आणखी दोघांना बरोबर आणण्याचे कबूल केले आहे. ज्या कार्यकर्त्यांच्या वस्तीत असा एखादा तरुण असेल, त्यांनी या रविवारी त्याच्या घरी जावे.